स्लॉपी जो घरी पाणचट आणि गोडमिट्ट का होतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षांपूर्वी नाशिकहून ओहायोला आलेल्या एका ताईंचा ९ वर्षांचा मुलगा शाळेत टर्कीचा स्लॉपी जो, म्हणजे टोमॅटोच्या गोडसर सॉसमधलं बारीक मांस भरलेला बन, खातो आणि घरीही तसाच मागतो. ताईंनी तीनदा करून पाहिला. पहिल्यांदा तयार सॉसचा डबा आणला, तो सगळ्यांना गोडमिट्ट लागला. दुसऱ्यांदा केचप घालून सगळं घरीच केलं, तर पाणी सुटलं आणि बन हातातच विरघळला. तिसऱ्यांदा आलं-लसूण आणि गरम मसाला घातला, तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, हा तर खिमा पाव." घरात बीफ खात नाहीत, टर्की चालते. नक्की कुठे चुकतंय, असं त्यांनी विचारलंय.

ताई, मी आयोवात राहते. इथल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात १८ वर्षं काम केलं आणि स्लॉपी जोची पातेलीच्या पातेली उपसली. तुमच्या तिन्ही वेळच्या वर्णनात मला एकच गोष्ट दिसते. तुमचा हात खिम्याला सरावलेला आहे. आपण मांस कढईत टाकतो, ते त्याच्याच पाण्यात शिजू देतो, मग आच वाढवून परततो आणि तेल सुटायची वाट बघतो. इथे क्रम उलटा आहे. मांस आधी भाजायचं, पाणी नंतर घालायचं, ते आटवायचं आणि तेल शेवटपर्यंत सुटू द्यायचं नाही. खिम्यावर तवंग आला की तो झाला. स्लॉपी जोवर तवंग आला की तो बिघडला. एवढं मनात पक्कं धरलंत तर निम्मं काम झालं.

पदार्थ मुळात कसा आहे ते कळलं की चवीचा अंदाज बांधणं सोपं जातं. 'स्लॉपी' म्हणजे गबाळा, सांडलवंड करणारा. आयोवात स्लॉपी जोच्याही आधीपासून मोकळ्या मांसाचं सँडविच खात असत. मस्कटीन गावात फ्रेड एंजेल नावाच्या खाटकाने १९२६ मध्ये 'मेड-राइट' हे खाण्याचं दुकान सुरू केलं. तिथे बारीक केलेलं मांस मोकळं शिजवून बनमध्ये भरून देत, सोबत कांदा, मस्टर्ड म्हणजे मोहरीचा सॉस आणि काकडीचं लोणचं. त्यात टोमॅटो नव्हता, आजही नसतो. आयोवातल्याच सू सिटीत अशा सँडविचला 'टॅव्हर्न' म्हणतात. त्याच गावातल्या जो नावाच्या स्वयंपाक्याने मांसात टोमॅटोचा सॉस घातला आणि स्लॉपी जो जन्माला आला, असं इथली जुनी मंडळी अभिमानाने सांगतात. फ्लोरिडातले लोक की वेस्टच्या 'स्लॉपी जोज' बारचं नाव पुढे करतात, आणि त्या बारने नाव घेतलं ते क्यूबातल्या हवानाच्या बारवरून. नाव कुठूनही आलेलं असो, थोड्या मांसात घरभर माणसं जेवली पाहिजेत या गरजेने हा पदार्थ घराघरांत रुजला. पुढे १९६९ मध्ये हंट्स कंपनीने 'मॅनविच' हा तयार सॉसचा डबा बाजारात आणला आणि अनेक घरांत स्लॉपी जोची चव म्हणजे त्या डब्याची चव, असं समीकरण झालं. तुम्हाला गोड लागली ती हीच चव. शाळेतला सॉस पुष्कळदा याहून कमी गोड असतो, कारण शाळेच्या जेवणाला मिठाचे आणि उष्मांकांचे नियम पाळावे लागतात आणि स्वयंपाकघरं आपलं माप त्याप्रमाणे बसवतात. म्हणजे तुमचा मुलगा जी चव मागतोय ती डब्यात मुळातच नाही.

एक सावधगिरी. न्यू जर्सीत 'स्लॉपी जो' म्हटलं तर तीन पोळ्यांसारखे ब्रेडचे थर, मध्ये थंड मांसाचे काप, कोलस्लॉ म्हणजे कोबीची कोशिंबीर आणि रशियन ड्रेसिंग असा अगदी वेगळा पदार्थ समोर येतो. पाककृती शोधताना त्यात कोबी आणि चीजचे काप दिसले, तर ती या पदार्थाची नाही.

आता मांसाकडे येऊ. टर्कीच्या पाकिटावर दोन आकडे असतात, ८५/१५, ९३/७, ९९/१ असे. पहिला आकडा मांसाचा, दुसरा चरबीचा. ९९/१ म्हणजे निव्वळ छातीचं मांस, ते भाजताना भुश्यासारखं होतं. तब्येतीचा विचार करून बहुतेक जण तेच उचलतात आणि मग सॉस कितीही घातला तरी घास घशात अडकतो. ९३/७ घ्या, मिळालं तर ८५/१५ घ्या, त्यात मांडीचं मांस असतं. बीफ खाणाऱ्यांनी ८५/१५ घ्यावं. ८०/२० ला चव जास्त, पण चरबी इतकी सुटते की काढून टाकणं हेच एक काम होऊन बसतं.

टर्कीसाठी एक छोटी युक्ती आहे. ४५० ग्रॅम, म्हणजे इथल्या एका पौंडाला, पाव छोटा चमचा खायचा सोडा एक मोठा चमचा पाण्यात विरघळवून मांसावर शिंपडा, हलक्या हाताने कालवा आणि १५ मिनिटं ठेवा. सोड्याने मांसाची आम्लता कमी होते, त्यामुळे भाजताना त्याचे धागे घट्ट आवळत नाहीत आणि आतलं पाणी आतच राहतं. भांड्यात पाणी कमी सुटलं की रंगही लवकर येतो. माप वाढवू नका. अर्धा चमचा सोडा पडला तर साबणासारखी चव येते आणि ती कशानेही जात नाही.

भांडं पसरट आणि जड हवं. माझ्याकडे १२ इंची बिडाचा तवा आहे, उभ्या काठाचा, इथे तो कुठल्याही दुकानात मिळतो. पातळ नॉनस्टिकमध्ये मांस टाकलं की भांडं थंड पडतं आणि मांस भाजायच्या ऐवजी उकडतं. तवा मध्यम-मोठ्या आचेवर चांगला तापू द्या, एक मोठा चमचा तेल घाला, बीफला तेवढंही नको. मांस कागदी रुमालाने टिपून घ्या आणि तव्यात एका थरात पसरून दाबून टाका, मोठ्या थालीपीठासारखं. आणि मग हात बांधून उभ्या राहा. पाच मिनिटं ढवळायचं नाही. मला माहीत आहे, हेच सगळ्यात अवघड जातं. शाळेत नवीन येणाऱ्या प्रत्येक मदतनिसाच्या हातातून मी उलथनं काढून घेत असे.

न ढवळण्याचं कारण असं. तव्यात पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर फारसं जात नाही, आणि मांसाला जो तांबूस खरपूस रंग आणि वास येतो तो साधारण १४० अंशांच्या वर. सतत ढवळलं की दर वेळी नवं ओलं मांस तळाला लागतं, पाणी सुटत राहतं आणि सगळं करड्या रंगाचं होऊन बसतं. तुमच्या दुसऱ्या प्रयत्नात पाणी सुटलं ते इथेच, केचप घालण्याच्या कितीतरी आधी. कानाने ओळखा. आधी खदखद असा ओला आवाज येतो. पाणी संपलं की तो चुरचुर असा कोरडा होतो. आवाज बदलल्यावर कडेने उलथनं घालून बघा, खालून शेंगदाण्याच्या सालासारखा रंग दिसला पाहिजे.

मग मोठे तुकडे करून उलटा. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा, दुसरी बाजू तेवढीच भाजायची नाही. सगळंच खरपूस केलं तर कडक कण होतात आणि सॉसमध्ये खड्यासारखे लागतात. एका बाजूचा रंग चवीला पुरतो, दुसरी बाजू मऊपणासाठी गुलाबीसर असतानाच फोडायला घ्यायची. फोडायला तुमच्या घरातला पावभाजीचा मॅशर आणा. स्लॉपी जोसाठी त्याच्याइतकं चांगलं हत्यार इथल्या दुकानातही मिळत नाही. मांसाचे कण मुगाच्या डाळीहून थोडे मोठे, तुरीच्या डाळीएवढे राहतील असं दाबत जा. कण सारखे आणि बारीक झाले की सॉस त्यांना धरून राहतो. मोठे गोळे राहिले तर सॉस त्यांच्यावरून ओघळून बनमध्ये उतरतो, आणि बन विरघळण्याचं ते दुसरं कारण.

मांस भाजून झालं की ते ताटलीत काढा आणि तव्यात साधारण एक मोठा चमचा चरबी ठेवून बाकीची काढून टाका. टर्कीला काढण्याइतकी सुटणार नाही, उलट एक चमचा लोणी घालावं लागेल. बीफची चरबी सिंकमध्ये ओतू नका, नळीत गोठून बसते. रिकाम्या डब्यात ओतून थंड झाल्यावर कचऱ्यात टाका. तवंग टाळायचा म्हटलं ना, तो इथेच टाळला जातो. नंतर सॉसवरून चमच्याने तेल काढत बसलं तर तेलाबरोबर चवही निघून जाते.

त्याच तव्यात एक मध्यम कांदा आणि अर्धी हिरवी ढोबळी मिरची, दोन्ही अगदी बारीक चिरून. तळाशी मांसाची जी खरवड चिकटली असेल ती कांद्याच्या पाण्याने सुटते. लाकडी उलथन्याने ती खरवडून कांद्यात मिसळत राहा. घरच्या स्लॉपी जोचा खरा स्वाद या खरवडीत असतो, डब्याला तो कुठून येणार? इथल्या बऱ्याच घरांत सेलरीही घालतात, मला त्याची गरज वाटत नाही. कांदा तांबूस करायचा नाही, मऊ आणि पारदर्शक झाला की बास, सहा-सात मिनिटं लागतात. शेवटी लसणाच्या दोन पाकळ्या बारीक करून. आलं नाही. गरम मसाला नाही. तुमच्या मुलाची जीभ बरोबर होती, आलं पडलं की हा पदार्थ आपल्याकडे ओढला जातो आणि मग तो खिमाच होतो. खिमा पाव मलाही फार आवडतो, मुंबईच्या इराणी हॉटेलातला तर अजून आठवतो, पण त्याला वेगळा दिवस द्यावा.

आता दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट. इथे तुमचा सरावलेला हात कामाला येईल, कारण ही पेस्ट मसाल्यासारखी परतायची आहे. कांद्यात घालून मध्यम आचेवर दोन मिनिटं, तिचा भडक लाल रंग विटेसारखा होईपर्यंत. कच्ची पेस्ट पत्र्यासारखी लागते. परतलेली पेस्ट सॉसला रंग देते, घट्टपणा देते आणि मुख्य म्हणजे केचप कमी घालायची सोय करते.

केचपबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण गोडीचा सगळा घोटाळा त्यात आहे. इथल्या नेहमीच्या केचपच्या एका मोठ्या चमच्यात ४ ग्रॅम साखर असते, बाटलीवर छापलेलं असतं. बऱ्याच पाककृतींत एका पौंडाला एक कप केचप सांगतात. एक कप म्हणजे १६ मोठे चमचे, म्हणजे ६४ ग्रॅम साखर, आणि वर पुन्हा दोन-तीन चमचे ब्राउन शुगर. मग मुलं सोडून कुणाला ते जेवण वाटेल? मी अर्धा कप केचप घालते आणि ब्राउन शुगर फक्त दोन छोटे चमचे. स्लॉपी जो गोडसर असायलाच हवा, गोडी पूर्ण काढली तर तो टोमॅटोचा रस्सा होतो. पण ती गोडी आंबटाने आणि मस्टर्डच्या झणकेने तोलली गेली पाहिजे. आपल्या आमटीत गूळ आणि चिंच एकमेकांना जसे सांभाळून घेतात, तसंच.

तेव्हा सॉसचं माप असं. अर्धा कप केचप, पाऊण कप पाणी किंवा मिठाशिवायचा चिकनचा स्टॉक, एक मोठा चमचा वूस्टरशायर सॉस, दोन छोटे चमचे पिवळं मस्टर्ड, दोन छोटे चमचे ब्राउन शुगर, एक छोटा चमचा इथली चिली पावडर, अर्धा छोटा चमचा मीठ, भरपूर ताजी मिरपूड. आणि दोन छोटे चमचे अॅपल सायडर व्हिनेगर, पण ते बाजूला ठेवा, शेवटी लागेल.

चिली पावडर या नावाने फसू नका. अमेरिकेत या नावाने मिळते ती मिश्र पूड असते: सौम्य मिरची, जिरं, ओरेगॅनो, लसणाची पूड. आपलं लाल तिखट तेवढंच घातलं तर मूल रडेल. ती पूड घरात नसेल तर अर्धा चमचा काश्मिरी मिरची पूड आणि पाव चमचा जिऱ्याची पूड घ्या. वूस्टरशायर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो, शाकाहारी पाहुण्यांसाठी करताना हे विसरू नका. त्यांच्यासाठी वेगळं करायचं असेल तर मांसाच्या जागी अख्खा मसूर घ्या, डाळ फुटणार नाही इतपत शिजवून. इथेही मसुराचा स्लॉपी जो खूप लोक करतात आणि आपल्या हाताला तो फार छान जमतो. वूस्टरशायरऐवजी तेव्हा एक चमचा सोया सॉस घाला.

पाणीच नको असताना पाऊण कप पाणी कशाला, असं तुम्ही विचाराल. मांसाला सॉसमध्ये मुरायला वेळ हवा आणि पाण्याशिवाय तो वेळ मिळत नाही, केचपातली साखर तळाला लागते. म्हणून मांस तव्यात परत टाका, सॉस घाला, एक उकळी आली की आच मंद करा आणि झाकण न ठेवता २० मिनिटं आटवा. झाकण अजिबात नाही. मध्ये मध्ये तळापासून ढवळा.

झालं कधी म्हणायचं? उलथनं तव्याच्या तळावरून सरळ ओढा. मागे जी वाट पडते ती दोन-तीन सेकंद तशीच राहिली आणि मग हळू मिटली, तर झालं. लगेच भरून आली तर अजून पाणी आहे. मिटलीच नाही तर जास्त आटलं, दोन चमचे पाणी घाला. गरम असताना किंचित सैल वाटला तरी चालेल, पाच मिनिटं विसावला की आळतो. मक्याचं पीठ लावून घट्ट करू नका. दिसायला चकचकीत होतं, पण जिभेवर बुळबुळीत लागतं आणि थंड झाल्यावर गोळा होतो. मध्यपश्चिमेतल्या चर्चच्या जेवणावळीत एक जुनी पद्धत आहे, मांसात चिकन गम्बो नावाचं डबाबंद सूप घालायची. त्या सुपात भेंडी असते आणि भेंडीच्या चिकटपणाने सॉस मिळून येतो. मी ते खाल्लंय, चवीला चांगलं असतं. पण भाजलेलं मांस आणि परतलेली पेस्ट असताना घट्टपणासाठी दुसरं काही लागत नाही.

आच बंद केल्यावर व्हिनेगर घाला, ढवळा, मग चव घ्या. आधी घातलं तर त्याचा वास वीस मिनिटांत उडून जातो आणि नुसता आंबटपणा मागे राहतो. शेवटी घातलेलं व्हिनेगर गोडीला वर उचलतं. अजून गोड वाटलं तर अर्धा चमचा मस्टर्ड, सपक वाटलं तर चिमूटभर मीठ. डबा वापरायचाच असेल तेव्हाही हेच करा. मांस आणि कांदा वरच्याप्रमाणे भाजा, एक चमचा पेस्ट परता, डबा ओता, साखर काही घालू नका आणि शेवटी मस्टर्ड व व्हिनेगर एक-एक छोटा चमचा. डब्याच्या चवीत पडलेला फरक तुम्हाला पहिल्याच घासाला कळेल.

टर्की आतून १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअसला पोचली पाहिजे, बीफचं मांस १६० ला. वीस मिनिटं खदखदल्यावर ते आपोआप होतं.

बनकडे येते, कारण निम्म्या लोकांचा स्लॉपी जो तव्यात उत्तम होतो आणि बनमध्ये वाया जातो. साधा मऊ हॅम्बर्गर बन घ्या, बटाट्याचा बन मिळाला तर सगळ्यात चांगला. कडक सालीचा सावरडो किंवा फ्रेंच ब्रेड नको. चावताना साल लवकर तुटत नाही, दातांचा जोर पडतो आणि सगळं सारण मागच्या बाजूने बाहेर येतं. ब्रेड सारणाइतकाच मऊ असला की चावा सरळ खाली जातो. शाळांमध्ये २०१२ नंतर अख्ख्या धान्याचे बन आले. ते जरा कोरडे असतात, त्यांना सारण थोडं सैल ठेवावं लागतं, आणि तुमच्या मुलाच्या डोक्यात तोच बन असेल तर तोच आणा.

बनच्या दोन्ही आतल्या बाजूंना काठापर्यंत लोणी लावा आणि तव्यावर उपडे ठेवून सोनेरी होईपर्यंत भाजा. पावभाजीचा पाव भाजता तसंच, फक्त बाहेरून भाजायचं नाही, बाहेरून मऊच राहू दे. लोण्याचा थर आणि भाजलेला पापुद्रा सॉसला आत शिरू देत नाहीत. यामुळे बन निदान दहा मिनिटं टिकतो, आणि ९ वर्षांच्या मुलाला एक सँडविच संपवायला तेवढा वेळ लागतोच. टोस्टरमध्ये भाजू नका, तिथे बन सगळीकडून वाळतो.

भरायचं अगदी खायच्या वेळी. आम्ही शाळेत ८ नंबरचा डाव वापरत असू, करड्या दांड्याचा, त्यात बरोबर अर्धा कप बसतं. घरी मोजायच्या कपाने भरा. अर्ध्या कपापेक्षा जास्त घातलं की सांडतं, आणि कमी घातलं की नुसता बन खाल्ल्यासारखं वाटतं. या मापाने एका पौंडात पाच बन होतात.

माझ्या पहिल्या वर्षातली एक चूक सांगते, ती तुम्हाला घरीही उपयोगी पडेल. सारण एकदम घट्ट, चवीला छान झालं होतं. मुलांची रांग यायला पाऊण तास होता म्हणून मी ट्रेवर घट्ट फॉइल लावून गरम पेटीत ठेवले. फॉइल उघडलं तेव्हा वर पाण्याचं तळं. वाफ फॉइलला लागून थेंब होऊन परत खाली पडत राहिली होती आणि त्या दिवशी दोनशे मुलांनी ओले बन खाल्ले. कितीतरी मुलांनी अर्धे टाकून दिले, ते मला अजून लागतं. तेव्हापासून झाकण नेहमी एका बाजूने तिरकं ठेवलं. घरी स्लो कुकरमध्ये गरम ठेवायचं असेल तर झाकणाखाली स्वच्छ सुती कापड ताणून बसवा, ते थेंब टिपतं. कापडाची टोकं वर झाकणावर बांधा, खाली लोंबू देऊ नका.

वाढदिवसाला ३० माणसांसाठी करायचं झालं तर मांस ६ पौंड, म्हणजे साधारण पावणेतीन किलो लागेल. सगळी मापं सहापट करा, पाणी मात्र चौपटच. पातेलं मोठं झालं तरी वरचा पृष्ठभाग सहापट होत नाही, त्यामुळे वाफ त्या प्रमाणात निघत नाही. आणि मांस एकदम टाकू नका, एका वेळी एक-दीड पौंड असं चार-पाच खेपांत भाजून काढा. वेळ जातो, पण इथे घाई केली तर दुसऱ्या प्रयत्नातलंच पाणी पुन्हा तुमच्यासमोर येईल, सहापट होऊन.

सोबत शेपू घालून मुरवलेलं काकडीचं आंबट लोणचं, म्हणजे इथले डिल पिकल, त्याच्या चकत्या बनच्या आतच घाला. गोड लोणचं नको, गोडी आधीच पुरेशी आहे. बाजूला खारे वेफर्स, कोलस्लॉ किंवा उकडलेलं मक्याचं कणीस. इथली मुलं वेफर्स सँडविचच्या आत चुरून घालतात, कुरकुरीत लागतात, घालू दे. चीजची चकती काही जण घालतात. मला वाटतं तिने मस्टर्ड आणि व्हिनेगर दोन्ही झाकले जातात.

उरलेलं सारण फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतं आणि दुसऱ्या दिवशी जास्त मुरलेलं लागतं. गोठवायचं तर पिशवीत चपटं करून गोठवा, तीन महिने छान राहतं, आणि चपटं असल्याने लवकर सुटतं. गरम करताना दोन चमचे पाणी आणि शेवटी व्हिनेगरचे चार थेंब.

शाळेच्या डब्यात द्यायचा असेल तर सारण आणि बन वेगळे द्या. तोंडाशी रुंद असलेल्या थर्मासात आधी उकळतं पाणी भरून दहा मिनिटं ठेवा, ते ओतून कोरडं पुसा आणि मग कढत सारण भरा, म्हणजे जेवणाच्या सुट्टीपर्यंत गरम राहील. भाजलेला बन फॉइलमध्ये नको, कागदात गुंडाळा. लोणच्याच्या चकत्या छोट्या डबीत आणि एक मोठा चमचा. ९ वर्षांचं मूल बन स्वतः भरून घेईल, आमच्याकडची पहिलीतली मुलंसुद्धा भरायची.